पोलादाची परीक्षा

शिवणाच्या यंत्राची सुई आणि भिंतींतला साधा खिळा या दोन वस्तु बहुतेक घरांत असतात. खिळ्यावर हातोडीचा घाव तिरपा बसला तर खिळा वांकतो. त्याला पुन्हां सरळ ठोकून गृहस्थ आपलें काम चालवतो. सुईची गोष्ट निराळी. जाड कापडाच्या शिवणींत ती जराशी तिरकी झाली कीं ‘कट्’ असा आवाज होतो आणि तिचे दोन तुकडे पडतात. वस्तुतः खिळ्याच्या लोखंडापेक्षां सुईचें पोलाद किती तरी अधिक बळकट. तेवढ्याच जाडीच्या खिळ्याला जें ओझें तोलवणार नाहीं तें सुई सहज तोलील. मग बळकटानें आधीं मोडावें आणि दुबळ्यानें निभावून न्यावें, हा न्याय कोठला? घरांत या प्रश्नाची किंमत एका सुईइतकीच असते. परंतु पूल, जहाजें आणि अग्निबाण यांच्या बाबतींत हाच प्रश्न माणसांच्या जिवाशीं येऊन भिडतो, आणि त्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं पुष्कळ जीव खर्चीं पडले आहेत.

धातूंची परीक्षा हा स्वतंत्र व्यवसाय कसा झाला तें पाहावयाचें तर लंडनला जावें लागतें. थेम्स नदीच्या दक्षिणेस सदर्क भागांत डेव्हिड कर्कल्डी नांवाच्या स्कॉटिश इंजिनिअरानें 1866 सालीं अशी परीक्षा घेणारी संस्था थाटली. त्याचें यंत्र सुमारें 47 फूट लांब आणि 116 टन वजनाचें होतें. पाण्याच्या दाबाच्या जोरावर तें जाड वस्तूलाहि ओढून तोडण्याची धमक बाळगी. 1874 मध्यें संस्था ज्या नव्या इमारतींत गेली तिच्या दारावर, येथें मतें नकोत, तथ्यें हवींत, अशा आशयाचे शब्द कोरलेले आहेत. स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेचा पूल 1879 च्या डिसेंबरांत वादळामध्यें आगगाडीसह कोसळला, तेव्हां त्याच्या अवशेषांतील तुकडे याच यंत्रावर तपासले गेले. यंत्र अजून त्याच इमारतींत आहे. इमारतीचें मात्र आतां संग्रहालय झालें आहे.

परीक्षेचा विधि दिसावयास साधा आहे. पोलादाची एक कांब घ्यावयाची, तिचा मधला भाग चरकावर धरून गुळगुळीत आणि एकसारखा करावयाचा, त्यावर ठराविक अंतरावर दोन खुणा करावयाच्या आणि दोन्ही टोकें यंत्राच्या जबड्यांत पकडून तिला सावकाश ओढावयाचें. किती जोर लावला आणि खुणांमधील अंतर किती वाढलें, या दोन आंकड्यांची नोंद घेत जावयाचें, कांब तुटेपर्यंत.

प्रथम साधें मऊ पोलाद घेतलें तर काय दिसतें? आरंभीं कांब रबराप्रमाणें वागते. जोर काढतांच ती पहिल्या लांबीवर येते. हें लांबणें डोळ्यांना दिसण्याजोगें नसतें. चौरस इंचास 30,000 पौंड इतका ताण दिला तर एक मीटर लांबीची कांब जेमतेम एक मिलिमीटर वाढते. येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मऊ पोलाद असो कीं अत्यंत बळकट जातीचें असो, तेवढ्या ताणाखालीं दोन्हीं जवळजवळ सारखींच लांबतात. बळकट पोलाद म्हणजे कमी वांकणारें पोलाद, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती या अवस्थेपुरती तरी चुकीची आहे.

पुढें चौरस इंचास सुमारें 36,000 पौंडांच्या आसपास मऊ पोलाद एकाएकीं हार खातें. जोर वाढत नसतांहि कांब लांबूं लागते, आणि आतां जोर काढला तरी ती मूळ लांबीवर परतत नाहीं. परंतु ही हार म्हणजे शेवट नव्हे. लांबतां लांबतां कांब पुन्हां कणखर होते आणि अधिक जोर मागते; साठ हजार पौंडांच्या सुमारास कोठें तरी एके ठिकाणीं ती बारीक होऊं लागते, जणूं तिला गळा फुटतो. त्या गळ्याच्या आंत मध्यभागीं सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात, त्या एकमेकींस मिळतात आणि अखेर कांब तुटते. तुटलेलें एक टोक वाटीसारखें आणि दुसरें त्या वाटींत बसणाऱ्या शंकूसारखें असतें. तें लगेच हातांत घेतलें तर ऊन लागतें. एवढ्या अवधींत कांब मूळ लांबीच्या पंचमांशाहून अधिक वाढलेली असते. असें पोलाद मरण्यापूर्वीं बराच काळ तक्रार करतें, आणि ज्याला डोळे आहेत त्याला ती तक्रार दिसते.

बळकट पोलादाचें वागणें असें नाहीं. तें एक लक्ष, दीड लक्ष, कांहीं विशेष जातींचें तर अडीच लक्ष पौंडांहूनहि अधिक ताण सोसतें. परंतु त्याची हार कोणत्या क्षणीं झाली हें आंकड्यांत स्पष्ट दिसत नाहीं, लांबणें थोडें असतें, गळा आंखूड असतो, आणि शेवट बंदुकीच्या बारासारखा होतो. जितकें बळ अधिक तितकी सूचना कमी, असा हा व्यवहार आहे.

याचें कारण पोलादाच्या आंतल्या रचनेंत आहे. सतरंजी अंथरल्यावर ती वीतभर पुढें सरकवावयाची असेल तर सबंध सतरंजी ओढण्यास फार जोर लागतो. परंतु एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती पायानें दुसऱ्या कडेपर्यंत ढकलीत नेली तर सतरंजी सहज सरकते. धातूच्या स्फटिकांत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात ते अशाच सुरकुत्यांच्या द्वारें, असें 1934 सालीं टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघां शास्त्रज्ञांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें दाखवून दिलें. पोलाद बळकट करावयाचें म्हणजे या सुरकुत्यांच्या मार्गांत अडथळे उभे करावयाचे. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो तेव्हां, त्याला ठाऊक असो वा नसो, तो हेंच करीत असतो. मोठ्या कारखान्यांत कार्बनचें प्रमाण वाढवून, निकेल, क्रोमिअम यांसारख्या धातु मिसळून, पाणी देऊन आणि पुन्हां माफक तापवून हेच अडथळे मोजूनमापून घातले जातात. परंतु सुरकुती अडली म्हणजे धातूचें सरकणें अडलें, आणि धातूचा चिवटपणा तर त्या सरकण्यांतच असतो. बळ आणि चिवटपणा हे गुण एका घरांत नांदूं शकत नाहींत असें नाहीं. उत्तम कारखाने दोन्ही साधतात. मात्र एकाला वाढवतांना दुसऱ्याकडे लक्ष ठेवलें नाहीं तर तो हटकून घटतो.

कापडाच्या दुकानांतील नित्याचा प्रसंग येथें उपयोगी पडेल. दुकानदार नव्या कापडाचें अखंड ठाण नुसत्या हातांनीं फाडूं जात नाहीं. तो कडेला कात्रीनें बोटभर चीर देतो, आणि मग एका हिसक्यासरशीं कापड आरपार फाटतें. कापडाचें बळ त्या क्षणीं कमी झालेलें नसतें. सगळा जोर चिरेच्या टोकाशीं एकवटतो इतकेंच. धातूमधील खांचेच्या टोकाशीं ताण किती पटीनें वाढतो याचें गणित इंग्लंडमधील इंग्लिस यानें 1913 मध्यें मांडलें. पुढें फार्नबरो येथील विमानसंशोधनाच्या संस्थेंत ग्रिफिथ या तरुण इंजिनिअरानें कांचेवर प्रयोग केले आणि 1921 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत असें दाखविलें कीं, ठिसूळ वस्तु किती ताण सोसील हें तिच्यांतील तड्याच्या लांबीवर ठरतें. तडा चौपट लांब झाला कीं सोसण्याची ताकद निम्म्यावर येते. मऊ पोलादांत तड्याचें टोक सरकणाऱ्या धातूमुळें बोथट होतें आणि संकट टळतें. ज्या पोलादांत सरकणेंच जिकिरीचें, तेथें टोक धारदार राहतें. ग्रिफिथचा निबंध कांचेविषयीं असल्यामुळें पुलांचा आणि जहाजांचा धंदा करणाऱ्यांनीं तो बरींच वर्षें बाजूला ठेवला. ही उपेक्षा पुढें महाग पडली.

खांच असलेल्या पोलादाची परीक्षा अगदींच होत नव्हती असें मात्र नाहीं. फ्रान्समधील जॉर्ज शार्पी यानें 1901 मध्यें एक सुटसुटीत पद्धत पुढें आणली होती. बोटाएवढा पोलादी तुकडा घ्यावयाचा, त्याला मध्यभागीं खांच पाडावयाची आणि जड लंबक उंचावरून सोडून एका तडाख्यांत तो मोडावयाचा. मोडण्यांत जितकी शक्ति खर्च झाली तितका लंबक पलीकडे कमी चढतो. त्यावरून चिवटपणा समजतो. या परीक्षेनें उघडकीस आणलेली सर्वांत मोठी गोष्ट थंडीसंबंधीं आहे. तेंच पोलाद उन्हाळ्यांत चिवट आणि हिवाळ्यांत ठिसूळ असूं शकतें. 1943 सालच्या 16 जानेवारीस अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं, नुकतेंच तयार झालेलें ‘शेनेक्टडी’ नांवाचें तेलवाहू जहाज संथ पाण्यांत धक्क्याला बांधलेलें असतांना एकाएकीं मधोमध फाटलें. वादळ नव्हतें, शत्रूचा पाणतीर नव्हता. थंडी तेवढी होती. तें पोलाद साधेंच होतें. त्याचें ताणण्याचें प्रमाणपत्र असलें तरी त्या प्रमाणपत्रांत थंडीचा आणि खांचेचा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

बळकट पोलादाच्या बाबतींत हा प्रश्न किती तीक्ष्ण होतो तें ओहायो नदीवरील एका पुलानें दाखवून दिलें. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील पॉइंट प्लेझंट हें गांव आणि पलीकडचा ओहायो संस्थानाचा किनारा यांना जोडणारा हा झुलता पूल 1928 सालीं खुला झाला. ॲल्युमिनिअमच्या रंगानें तो चकाकत असे म्हणून लोक त्याला सिल्व्हर ब्रिज म्हणत. मधला गाळा 700 फुटांचा. झुलता पूल बहुधा तारांच्या जाड दोरांवर टांगतात, आणि याचाहि पहिला आराखडा तसाच होता. परंतु लांब पोलादी पट्ट्यांची साखळी वापरल्यास खर्च कमी होतो असें दिसलें आणि तारा गेल्या. प्रत्येक पट्टी सुमारें पन्नास फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन इंच जाड. दोन्ही टोकांस मोठें गोल भोंक. भोंकांतून जाड खीळ घालून एक पट्टी दुसरीला जोडावयाची. साखळीच्या प्रत्येक कडीला अशा फक्त दोनच पट्ट्या होत्या. दोनच कां, तर पोलाद बळकट होतें म्हणून. उष्णतेचे संस्कार केलेल्या त्या कार्बन पोलादाचें तुटण्याचें बळ चौरस इंचास 1,05,000 पौंड आणि स्थितिस्थापकतेची मर्यादा 75,000 पौंड धरलेली होती, आणि कामाचा ताण 50,000 पौंडांपर्यंत नेण्याची मुभा होती. त्या काळच्या परीक्षांप्रमाणें या हिशेबांत खोट काढण्यासारखें कांहीं नव्हतें.

जवळजवळ चाळीस वर्षें पूल उभा राहिला. 1967 सालच्या 15 डिसेंबरला सायंकाळीं पांचच्या सुमारास, नाताळच्या खरेदीसाठीं निघालेल्या मोटारींची पुलावर दाटी झाली असतां, तो मिनिटभरांत संपूर्ण नदींत गेला. सेहेचाळीस माणसें मेलीं. त्यांपैकीं दोघांचे देह कधींच मिळाले नाहींत. हवा गोठणबिंदूच्या आसपास होती.

नदींतून काढलेले तुकडे एका शेतांत पुलाच्या मूळ रचनेप्रमाणें मांडून तपास झाला, आणि तो अखेर एका पट्टीच्या एका भोंकाशीं येऊन थांबला. त्या भोंकाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन बाजू निरनिराळ्या तऱ्हेनें तुटलेल्या होत्या. खालची बाजू सरळ, कोरडी, चटकन् फुटलेली. धातु ताणला गेल्याची खूण तीवर जवळजवळ नव्हती. वरची बाजू मात्र वांकलेली, ओढली गेलेली, फाटत फाटत तुटलेली. म्हणजे खालची बाजू एका क्षणांत गेली, सगळा भार वरच्या बाजूवर आला, आणि ती वांकून फाटली. एकाच पट्टीचें एकच पोलाद, एकाच सायंकाळीं, एकाच भोंकाच्या दोन बाजूंस सुईसारखेंहि वागलें आणि खिळ्यासारखेंहि वागलें. आणि खालच्या बाजूच्या भंगाला जेथून आरंभ झाला तेथें गंजानें काळवंडलेला एक जुना तडा होता. त्याची खोली सुमारें एक अष्टमांश इंच, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनहि कमी. एवढ्याशा तड्यानें पूल पाडला.

तडा कसा झाला याचें उत्तर तपासणाऱ्यांनीं ताण आणि गंज यांच्या संयुक्त क्रियेंत शोधलें. भोंकाच्या कडेशीं ताण मुळांतच जास्त. खीळ आणि पट्टी यांच्या फटींत पाणी आणि मळ सांचणार. आणि वर्षानुवर्षें ताणाखालीं असलेलें कणखर पोलाद तेथें कणाकणानें चिरत जाणार. 1928 मध्यें अशा पोलादाला असा रोग ग्रामीण हवेंत जडूं शकतो हें कोणास माहीत नव्हतें. तडा पुलाच्या जोडांत लपलेला असल्यामुळें सांधा सुटा केल्याशिवाय तो दिसणेंहि अशक्य होतें. तेव्हां यांत कोणा एका माणसाला दोषी धरून हात झटकतां येत नाहींत. दोष असलाच तर तो दोन पट्ट्यांवर सगळा विश्वास टाकण्याच्या काटकसरीचा आहे. मोठ्या झुलत्या पुलांच्या दोरांतील तारांचें पोलाद या पट्ट्यांहून दुपटीनें बळकट असतें, आणि तरीहि ते पूल सुरक्षित राहतात; कारण हजारों तारांपैकीं एक तुटली तर तिचा तडा शेजारच्या तारेंत शिरूं शकत नाहीं. कलकत्त्याच्या हावडा पुलाचेंहि उदाहरण घेण्यासारखें आहे. 1943 सालीं वाहतुकीस खुल्या झालेल्या त्या पुलाच्या 26,500 टन पोलादापैकीं सुमारें 23,000 टन पोलाद टाटांच्या कारखान्यानें पुरविलेलें बळकट जातीचें होतें. परंतु तो अनेक पत्रे रिव्हेटांनीं एकत्र जोडून बांधलेला आहे. एका पत्र्यांतील तडा त्याच्या कडेशीं येऊन थांबतो. सिल्व्हर ब्रिजच्या साखळींत तड्याला थांबावयास जागाच नव्हती. त्याच नदीवर वरच्या अंगाला सेंट मेरीज येथें त्याच धर्तीचा दुसरा पूल होता. तो लागलीच बंद केला गेला आणि 1971 मध्यें पाडून टाकण्यांत आला. देशांतील पुलांच्या नियमित तपासणीचे नियमहि अमेरिकेनें त्याच वर्षीं अमलांत आणले.

ग्रिफिथच्या विचाराला तोंवर पोलादाच्या जगांत प्रवेश मिळाला होता. 1950 नंतरच्या दशकांत अग्निबाणांचीं अत्यंत बळकट पोलादाचीं कवचें दाबाच्या चाचणींतच, हिशेबानें ठरविलेल्या बळाच्या पुष्कळ खालीं फुटूं लागलीं, तेव्हां वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेंतील जॉर्ज आर्विन याचें गणित हातीं घेणें भाग पडलें. त्यानें तडा असलेल्या धातूचा चिवटपणा एका आंकड्यांत पकडला. त्या आंकड्यानें एक अप्रिय हिशेब समोर ठेवला. पोलाद दुप्पट बळकट आहे म्हणून त्यावर दुप्पट ताण टाकला, तर सुरक्षितपणें चालून जाणारा तडा चौथाईवर येतो. त्या बळकटपणाच्या नादांत चिवटपणाहि निम्मा झाला असेल, तर तो तडा सोळाव्या हिश्श्यावर येतो. पूर्वीं बोटभर चालत होता तो आतां नखाएवढाहि चालत नाहीं, आणि नखाएवढा तडा रंगाखालीं शोधावयाचा म्हणजे काय, हें तपासनिसांनाच ठाऊक.

आर्विनच्या या परीक्षेंत गुळगुळीत कांबेला स्थान नाहीं. नमुन्यांत प्रथम खांच पाडतात, मग त्याला हजारों वेळां हलकेच ताणून आणि सैल सोडून खांचेच्या तळाशीं खराखुरा बारीक तडा मुद्दाम उत्पन्न करतात, आणि मग तो तडा कोणत्या जोराला धांव घेतो तें पाहतात. कर्कल्डीच्या काळीं ज्याला खराब माल म्हणून टाकून दिलें असतें, तसा नमुना तयार करण्यासाठीं आतां खर्च केला जातो.

तरीहि एक शत्रु या परीक्षेंतूनहि निसटतो, तो म्हणजे काळ. 1875 सालीं इंग्लंडमधील जॉन्सन यानें असें नोंदलें होतें कीं, तेजाबांत बुडवून काढलेली लोखंडी तार ठिसूळ होते, आणि मोडलेल्या जागेवर थुंकी लावली तर तींतून बुडबुडे निघतात. ते बुडबुडे हायड्रोजनचे. हा हलका वायु धातूंत शिरून ताणाच्या जागीं गोळा होतो आणि धातूची पकड ढिली करतो. मऊ पोलाद त्याची फारशी पर्वा करीत नाहीं. पोलाद जितकें कणखर तितका त्याला हा वायु अधिक जाचतो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांमधील पुलाच्या नव्या पूर्व भागांत 1 मार्च 2013 पासून 96 जाड नांगरसळ्या घट्ट ताणण्यांत आल्या. तीन इंच व्यासाच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या त्या सळ्या उच्च बळाच्या पोलादाच्या होत्या. ताणल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांपैकीं 32 सळ्या एकामागून एक तुटल्या. बसविल्यापासून जवळजवळ पांच वर्षें त्या आपल्या भोंकांत सांचलेल्या पाण्यांत उभ्या होत्या.

तुटलेल्या सळ्यांचें काम पुढें एका नव्या पोलादी खोगिराकडे सोंपविण्यांत आलें. उरला प्रश्न त्याच पुलांत इतरत्र बसविलेल्या शेंकडों सळ्यांचा. त्यांची परीक्षा ज्या रीतीनें झाली ती कर्कल्डीला पाहावयास मिळाली असती तर बरें झालें असतें. अख्ख्या जाडीच्या सळ्या यंत्रांत पकडल्या, त्यांचे आटे खाऱ्या पाण्यांत बुडते ठेवले, आणि जोर टप्प्याटप्प्यानें वाढवीत, प्रत्येक टप्प्यावर बराच काळ तसाच धरून ठेवून, त्या केव्हां तुटतात याची वाट पाहिली.